आत्याच्या गालावरची रेघ

कॅम्प सांचोर, राजस्थान
१० ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
पप्पूचा सा. न. वि. वि.

इकडं मी खुशाल. उन्हानं पार कोळसा झालोय, पण खुशाल. टोमॅटोचा टेम्पो सोडला, द्राक्षाच्या छाटणीची टोळी सोडली, रोडरोलर सोडला, आणि आता गॅसच्या पाइपलाइनीवर वेल्डरच्या हाताखाली आहे. हेही कधी सोडणार ते विचारू नको, मलाच माहीत नाही. पाइप एवढा मोठा आहे की आत एखादं वासरू आरामात उभं राहील.

तू मेडिकल फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला गेलीस हे आबांच्या पत्रातून कळलं. राजुरीत लोक आबांना विचारतात म्हणे, की पोरगी डॉक्टरीण होणार का मास्तरीण? आबा सांगतात, दोन्हीच्या मधलं. मी इथं सगळ्यांना सांगून टाकलंय की माझी बहीण मशीनची डॉक्टर होणार. बरोबर का चूक ते कळव, म्हणजे पुढच्या वेळी आणखी जोरात सांगायला बरं.

पण ताई, एक गोष्ट मला लई खटकते. आमच्याकडं दोन पाइप जोडले की त्या जोडाचा फोटो काढतात, आत कुठं पोकळ राहिलंय का ते बघायला. त्यासाठी केरळचा एक साहेब येतो. त्याच्याकडं शिशाची पेटी असते आणि पेटीत किरणांचा एवढासा गोळा. तो बाहेर काढायच्या आधी साहेब दोरी बांधतो, लाल झेंडे लावतो आणि शिट्टी मारतो. शिट्टी वाजली की आम्ही सगळे ताटं टाकून पळतो. आमचा मिस्त्री सहा फुटी पंजाबी आहे, कुणाच्या बापाला भीत नाही, तोही पगडी धरून पळतो. तो सांगतो की ही किरणं लागली तर माणूस आतून वाळतो. आणि तू तीच किरणं शिकायला पुण्याला जाऊन राहिलीस! अजून वेळ गेली नाही, बँकेची परीक्षा दे.

डिंभ्याच्या साळुआत्यालाही ही शिट्टीची गंमत मी सविस्तर लिहिली आहे. माझी पत्रं अंगणवाडीच्या शीलाबाई तिला वाचून दाखवतात आणि निम्मी वाडी ऐकायला बसते, म्हणून जरा तिखटमीठ लावून लिहावं लागतं.

कळावे. लोभ आहे तो वाढव. कमी करायचा असेल तर आधी सांग, म्हणजे मी दुसरी बहीण बघायला मोकळा.

तुझा,
पप्पू


पुणे
२१ सप्टेंबर १९९७

चि. पप्पूस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिले खरे, पण तू समोर असतास तर आधी कान पिळला असता. का, ते खाली येईलच.

पहिल्यांदा तुझ्या शंकेचं. तुझ्या साहेबाचा गोळा आणि आमच्या हॉस्पिटलातलं मशीन एकाच जातीचं आहे, हे तुझं बरोबर. पण कोयत्यानं ऊसही तोडतात आणि बोटही तुटतं, म्हणून कुणी ऊस लावायचा थांबत नाही. नारायणगावच्या दवाखान्यात मोडलेल्या हाताचा एक्स-रे काढतात, त्या मशीनमधून किरणं जरुरीपेक्षा जास्त निघत नाहीत ना, हे कुणीतरी मोजायला हवं. कॅन्सरवर शेक देतात तेव्हा किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, पण तो कुठल्या बाजूनं, किती वेळ, आणि शेजारचं चांगलं अंग कसं वाचवायचं, हा हिशेब आमच्या विषयातल्या माणसाचा. सकाळी पेशंट यायच्या आधी आम्ही पाण्याच्या टाकीत यंत्र बुडवून मशीन तपासतो. आमचे सर त्याला मशीनची नाडी बघणं म्हणतात. तेव्हा मशीनची डॉक्टर हे तुझं नाव मी ठेवून घेतलं.

आता कान पिळायचं कारण. आत्याच्या उजव्या गालात आतून एक चट्टा आलाय. दिवसातून चारदा दातांना मिश्री लावायची, त्या भाजक्या तंबाखूनं केलेलं हे काम. आबा तिला पुण्याला घेऊन आले. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. घाबरू नको, लवकर सापडलाय. डॉक्टर म्हणतात की शेक घेतला तर पूर्ण बरा होईल, पण दिवाळी झाली की लगेच सुरू व्हायला हवा. एकदा तो मानेत उतरला की मग कुणी खात्री देणार नाही.

आणि आत्या नाही म्हणून बसली आहे. तुझं ते शिट्टीचं पत्र वाडीनं तीन वेळा वाचून घेतलंय. मी डिंभ्याला जाऊन आले, आबा दोनदा जाऊन आले. ती आम्हाला चहा पाजते, वाळवलेले मासे बांधून देते आणि परत पाठवते. तू लावलेलं तिखटमीठ आता तूच काढ. आमच्या कुणाच्या हातात ते राहिलेलं नाही.

बाकी क्षेम. काळजीतही तुझी आठवण येते आणि हसू येतं, एवढा लोभ पुरे समज.

तुझी,
ताई


डिंभे
१२ ऑक्टोबर १९९७

चि. पप्पूस,
डिंभ्याहून साळुआत्याचे आशीर्वाद.

पत्र लिहिनाऱ्या शीलाबाई. मी बोलती तसंच लिव्हा म्हनून सांगितलंय, तवा बोलनं माझं आनि अक्षर त्येंचं.

धरान काठोकाठ भरलंय. आवंदा मासं लई. यश्टी तीन दिस आलीच न्हाई, चौथ्या दिशी दोन आल्या. तुझं बरं हाय ना? वाळूत इच्चू आसत्यात म्हनं, बूट झटकून घालत जा.

माझ्या गालाचं तुला कळलंच आसंल. दुकत न्हाई फार. तुझी ताई इंदू आली व्हती, माझा भाऊ भिमाजी आला व्हता. ग्वाड बोलून गेली दोगंबी. मी न्हाई म्हनलं. आरं, मरनाचं भ्या मला न्हाई, तुझं मामा, आमचं मालक, गेलं तवाच त्ये संपलं. पर इंदूनंच सांगितलं की त्या खोलीत मला फळीवर निजवनार, मग डाक्टर भाईर जानार, नर्स भाईर जानार, माझी सवताची भाची भाईर जानार, आनि भाईरनं ह्ये जाड दार लावून घेनार. ज्या खोलीतनं समदी शानी मानसं पळत्यात तितं मी एकटीनं का म्हनून पडायचं? तूच लिव्हलंस, सा फुटी पंजाबी ताट टाकून पळाला. मला तर पळाया गुडघंबी न्हाईत.

आता तूच सांग. तू लिव्हलंस त्ये खरं का खोटं? खोटं आसंल तर तसं लिव्ह, मी जाती. खरं आसंल तर मला माझ्या घरात सुकानं ऱ्हाऊ द्या. ल्हानपनापास्नं तू लई थापा मारल्यास, पर इचारल्यावर माझ्याशी खोटं बोलला न्हाईस, म्हनून इचारती.

माया हायेच, ती काय पत्रात मावत न्हाई.

तुझी आत्या,
साळुबाई (अंगठा)


कॅम्प सांचोर
२१ ऑक्टोबर १९९७

ती. आत्यास,
पप्पूचा शि. सा. न. वि. वि.

शीलाबाई, हे पत्र सावकाश वाचा आणि एकदाच वाचा. वाडीला बाहेर बसवा.

आत्या, मी लिहिलं ते खरं आहे. दोन दिवस पेन हातात घेऊन बसलो, खोटं होतं असं लिहून टाकावं म्हणून. नाही लिहिता आलं. शिट्टी खरी, दोरी खरी, मिस्त्रीचं पळणं खरं, आणि मी तर त्याच्याही पुढं असतो.

मग त्या केरळच्या साहेबाकडंच गेलो. तुझं सगळं सांगितलं. म्हटलं, साहेब, माझ्यामुळं माझी आत्या मरायला बसलीय. तो आधी हसला, मग त्यानं मला विचारलं की पाइप कधी पळताना बघितलास का? ज्याचं बरं व्हावं म्हणून हे सगळं करायचं तो जागेवरच राहतो. पळायचं कुणी, तर ज्याला हे रोज, बारा महिने करायचं आहे त्यानं. तुझ्या आत्याला ठरवून दिलेलं तेवढंच मिळणार आणि तेही रोगावर. पण डॉक्टर दर पेशंटबरोबर आत थांबला तर त्याला दिवसभर लागत राहील, आणि तेही काही रोग नसताना.

मला एकदम मंचरची मिरचीची कांडपगिरणी आठवली. तूच मला घेऊन जायचीस. गिरणीवाला नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचा आणि आपल्याला बाहेर झाडाखाली बसवायचा. तो दिवसभर त्या खकाण्यात उभा, म्हणून त्याला फडकं. पण तीच मिरची तू घरी चमचा मोजून रश्श्यात घालतेस तेव्हा कोण पळतं? उलट सगळे ताट घेऊन जवळ सरकतात. तुझी भाची बाहेर जाते ती गिरणीवाल्यासारखी. आणि चमचा मोजून घालणारीही तीच. तो चमचा कसा मोजायचा एवढंच शिकायला ती इतकी वर्षं पुण्यात आहे.

मी ताईला लिहितो की दार लागल्यावर काचेपाशी तिनंच उभं राहायचं आणि माइकवरून तुझ्याशी बोलत राहायचं. तुला एकटीला टाकून कुणी पळत नाही. जा आत्या. तू नाही गेलीस तर मी इथून पळून येईन, आणि या वेळी शिट्टी न वाजता.

तुझ्या मायेवर वाढलोय, ती अर्ध्यात बंद करू नको.

तुझा,
पप्पू


पुणे
९ नोव्हेंबर १९९७

चि. पप्पूस,
अ. उ. आ., आणि आज खरोखरीचे, मनापासून.

आत्या आली! भाऊबिजेला राजुरीला आली आणि आबांना ओवाळून झाल्यावर म्हणाली, की ते गिरणीचं कधी निघायचं? आबांना काही कळेना. मी मात्र कोपऱ्यात जाऊन रडून घेतलं.

सोमवारपासून शेक सुरू झाला. आई तिच्यासोबत हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहते. आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, आणि असं नाताळाच्या आसपासपर्यंत. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या गालावर आणि जबड्यावर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या. मशीनमधून आधी साधा उजेड पडतो, तो या रेघांवर बरोबर बसला की मगच किरणं सोडायची. म्हणून त्या पुसायच्या नाहीत, त्यांना पाणी लावायचं नाही. आत्यानं आरशात बघितलं आणि डॉक्टरांना विचारलं, की बेल्ह्याच्या बाजारात मेंढीला असाच रंग लावतात, तर माझा सौदा कितीला ठरला? डॉक्टर जळगावचे, त्यांना बेल्हे ठाऊक नाही, तरी ते हसले.

मी काचेपाशी उभी राहते आणि माइकवरून गावाकडच्या गप्पा सांगते. तिनं बोलायचं नाही, हलायचं नाही, एवढंच अवघड जातं. तिला राहवत नाही म्हणून आम्ही पायाच्या अंगठ्याची खूण ठरवली. माझं पटलं की ती अंगठा हलवते. आमच्या प्रोफेसरबाईंची नक्कल केली तेव्हा दोन्ही अंगठे हलले, आणि मागं बघते तर बाई उभ्या!

तुझ्या गिरणीची गोष्ट मी वर्गात सांगितली. सर म्हणाले, हे आपल्या पुस्तकात हवं. फुगू नको.

लोभ होताच, आता त्यावर थोडा मानही चढवून पाठवते.

तुझी,
ताई


कॅम्प सांचोर
२० नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
पप्पूचा सा. न. वि. वि.

फुगू नको म्हणालीस, पण उशीर झाला. तुझं पत्र मिस्त्रीला हिंदीतून वाचून दाखवलं. त्यानं आत्यासाठी गुरुद्वाऱ्यात प्रसाद ठेवला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की शेकाची गरज मला पडावी.

केरळचा साहेब सांगतो की तूही फोटोचं काम शिक, पण त्याला दहावी लागते. म्हटलं, साहेब, आठवीतून मी त्याच वेगानं पळालोय ज्या वेगानं शिट्टी ऐकून पळतो. मस्कतला क्रेनवर माणसं घेतायत असंही ऐकलंय. अजून काही ठरवलं नाही. पाय शिवशिवतात हे तुला माहीतच आहे.

एक विचारतो, रागावू नको. एखाद्या दिवशी मशीन चुकलं तर? गाल सोडून भलतीकडंच लागलं तर? तू तिथं आहेस म्हणून मला झोप लागते, पण ताई, तू तर अजून शिकाऊ. शिकाऊ माणसाला मध्येच बोलायची मुभा असते का? मी शिकाऊ असताना मिस्त्रीला एकदा जोड वाकडा आहे म्हणालो, तर त्यानं मला दोन दिवस नुसतं पाणी भरायला लावलं.

उत्तर लवकर पाठव. लोभाचं राहू दे, आधी ख्याली-खुशाली कळव.

तुझा,
पप्पू


पुणे
८ डिसेंबर १९९७

चि. पप्पूस,
अ. उ. आ.

मशीन चुकलं तर, असं विचारलं होतंस. मशीन नाही चुकलं. आपले आबा चुकले. सगळं नीट आहे हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

शुक्रवारी चंपाषष्ठी होती. शेक झाल्याबरोबर आई आत्याला घेऊन राजुरीला गेली, कारण खंडोबाची तळी आपल्या घरी आणि आत्या नाही असं कधी झालेलं नाही. येळकोट झाला, तळी उचलली, भंडारा उधळला. शेजारच्या लंकाबाईंनी मायेनं आत्याच्या दोन्ही गालांना मूठभर हळद फासली. शेकानं गालाची कातडी आधीच हुळहुळी झालेली, त्यात हळद. आत्या कळवळली. आईनं घाईघाईनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, आणि हळदीबरोबर रेघाही गेल्या.

आता घरात शोककळा. आत्या रडायला लागली की एवढ्या दिवसांचं वाया गेलं, आता पोरीला तिथं बोलणी बसतील. तर आबांना युक्ती सुचली. बैलाच्या खुराला लावायचं जांभळं औषध गोठ्यात होतंच. आमच्या शाईचा रंग अगदी तोच. आबांनी काडीला कापूस गुंडाळला आणि आत्याला कंदिलाशेजारी बसवून पुन्हा रेघा आखल्या. आणि तिघांनी शपथ घेतली की इंदूला सांगायचं नाही.

आज सकाळी आत्याला फळीवर निजवलं, उजेड टाकला. तो रेघांवर बरोबर बसला. टेक्निशियन म्हणाले झालं, सगळे बाहेर निघाले. मी दारापाशी पोचले आणि पाय थबकले. आत्याच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका आहे ना, महिनाभर मी काचेतून तो रोज बघतेय. उजेडाची कड त्याच्या वर असते. आज ठिपका उजेडाच्या आत होता. मी थांबा म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की माझी मलाच लाज वाटली. बाहेर वीस पेशंट खोळंबलेले. सर म्हणाले, शाई तर दिसतेय, काय अडचण आहे? मी म्हटलं, सर, ठिपका हललेला नाही, म्हणजे रेघ हललीय. मोजा.

सरांनी पट्टी घेतली. रेघ बोटभर खाली होती. तशीच किरणं सोडली असती, तर चट्ट्याची वरची कड सुटली असती आणि खालचा चांगला जबडा विनाकारण भाजला असता. सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मला पाणी भरायला लावलं नाही.

मग आत्याला विचारलं, रेघा कुणी आखल्या? ती म्हणे की देवाला ठाऊक. आईला विचारलं, ती छताकडं बघायला लागली. एवढ्यात दोघींना पोचवायला आलेले आबा दाराशी दिसले. हात पाठीमागं. सरांनी नमस्कार केला म्हणून त्यांनाही हात पुढं आणावे लागले, तर अंगठा आणि दोन बोटं जांभळीच्या जांभळी! घासून घासून गेली नाहीत बिचाऱ्यांची.

डॉक्टरांनी जुनी मापं बघून जागा पक्की केली. मी म्हटलं, रेघा पुसतात तर सुईनं बारीक ठिपके गोंदता येतील का? ती पद्धत आहेच, पण चेहऱ्यावर म्हणून बायका तयार होत नाहीत. आत्याला विचारलं तर ती उलट चिडली, की हे आधी का नाही सांगितलं, रंगापेक्षा गोंदण कधीही शोभतं.

तुझ्या लोभाच्या जोरावर आज एवढं ओरडता आलं असं समज.

तुझी,
ताई


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

राजुरी
१२ डिसेंबर १९९७

चि. पप्पू यास,
भिमाजीचे आशीर्वाद.

पत्रास कारण की, इंदूनं तुला सर्व लिहिलेच असेल. ती थोडं वाढवून लिहिते. रेघ मी सरळ काढली होती. जागा चुकली. कंदिलाच्या उजेडात बोटभर इकडेतिकडे होते. डॉक्टरही म्हणाले की रेघ सरळ आहे.

टोमॅटोला नारायणगावात भाव बरा. बैलाचे खूर बरे आहेत. इंदूचे सर मला म्हणाले की तुमची मुलगी उद्या मोठी होईल. मी म्हणालो, आताच झाली. मस्कतचे मनात असेल तर आधी घरी ये, मग काय ते बोलू.

बोटे अजून जांभळी आहेत. बाजारात लोक विचारतात. कुणाला सांगू नये.

तुझे,
आबा


डिंभे
६ जानेवारी १९९८

चि. पप्पूस,
साळुआत्याचे आशीर्वाद. शीलाबाईच लिव्हत्यात.

सुटली बाबा गिरनीतनं. चट्टा सुकत आलाय, पर डाक्टर म्हनला चैतात तपासू, मगच नक्की सांगू. तंवर जिवाला घोर हाय. मिश्रीची डबी इंदूनं माझ्या देखत धरनात फेकली. मासं दात घासतील आता.

गोंदायला डाक्टरच बसला. तीन ठिपकं. ना गानं, ना सुपारी. मी म्हनलं, गोंदनारनीला आमी पानसुपारी देतो, तुमाला काय देऊ? त्यो म्हनला, धा मिंटं गप ऱ्हावा, त्येच द्या. हात मातर हलका त्येचा.

आता दुखनं हाय त्ये येगळंच. तोंडाला चवच न्हाई. साकर घ्या, माती घ्या, सारकंच. थुकी बी सुकली, घटकंघटकंला पानी लागतंय. इंदू म्हनती चव म्हैन्या-दोन म्हैन्यानं येती, कुनाला चार लागत्यात. येकादीला येतबी न्हाई, आसं ती बोलली न्हाई, पर तिच्या त्वांडावर दिसलं मला. भिमाजी हट्टानं राजुरीला न्हेतोय ऱ्हायाला. जाती. पर बसून खानार न्हाई, सैपाक मीच करनार म्हनून सांगितलंय.

तू कवा येनार? जीव लावून बसलीया म्हातारी, येवडं ध्येनात ठिव.

तुझी आत्या,
साळुबाई (अंगठा. ह्या खेपंला नीट उमटला न्हाई.)


राजुरी
३ मे १९९८

ती. ताईस,
पप्पूचा सा. न. वि. वि.

तुझी परीक्षा चालू आहे, फोन करून तिचं डोकं खाऊ नको असा आबांचा हुकूम, म्हणून पत्र. पेपर टाकून वाचलंस तरी चालेल असंच आहे.

काल दुपारी नारायणगावला उतरलो आणि जीपला मागं लटकून घरी पोचलो. आत्या दारातच. ठिपके बघितले, झकास दिसतात. चैत्रातल्या तपासणीत डॉक्टरांनी चट्टा गेला, काही शिल्लक नाही असं सांगितलं ते तू कळवलंच होतंस, पण डोळ्यांनी बघितल्यावर मी तिला उचलूनच घेतली. तिनं डोक्यात टपली मारली आणि हात धुवायला पाठवलं.

जेवायला बसलो. आमटीचा पहिला घास घेतला आणि ताई, डोळ्यांपुढं समुद्र आला. एवढं मीठ! मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी पायावर पाय दाबला. आईनं डोळे मोठे केले. आत्या चुलीपुढं बसून विचारत होती की पोरा, जमलीय का? मी म्हटलं, आत्या, अशी आमटी अख्ख्या राजस्थानात नाही. हे मात्र खरं होतं.

मागनं आईनं गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं. चार महिने हे असंच चाललंय. आत्याला चव कळत नाही, मीठ पडलं का नाही अशी शंका येते म्हणून ती दोनदा-तीनदा घालते. आबांनी घरात ताकीद दिलीय की कुणी अवाक्षर काढायचं नाही, तिला वाटेल आपण कामातून गेलो. आई मीठ शोषून घ्यायला गुपचूप आमटीत कणकेचे गोळे सोडते, आबा तांब्यातलं पाणी ओततात, लंकाबाई तर आता जेवायला येतच नाहीत. आणि सगळे रोज म्हणतात की वा, काय झालीय!

आज दुपारी आमची जेवणं झाली आणि आत्या एकटी ताट घेऊन बसली. मी समोर ओसरीवर पाय पसरून पडलो होतो. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला आणि थांबली. वाटलं, घशात अडकला. पाणी द्यायला उठलो तर तिनं हातानं थांबवलं. एक बोट आमटीत बुडवून चाटलं. परत चाटलं. मग पातेल्याकडं बघितलं, मग एकेक करून आमच्या तिघांकडं. आणि ताई, जी सुटली ती! हे असलं खारट मी केलं? कधीपासनं करतेय? तुम्ही माणसं का म्हशी? जीभ आहे का तोंडात का गहाण टाकली? भिमाजी, तू तर काल दोनदा मागून घेतलीस, तुला लाज कशी वाटली नाही!

ती बोलत होती आणि आई पदर तोंडाला लावून रडत हसत होती. आबा उठले, तसेच अनवाणी अंगणात गेले आणि येळकोट येळकोट म्हणून ओरडले. भांडण झालं समजून लंकाबाई धावत आल्या. आई त्यांच्या गळ्यात पडली आणि सांगायला लागली की आमटी खारट झालीय, अहो, आमटी खारट झालीय! आत्याला काही केल्या कळेना की खारट आमटीचा एवढा आनंद कशाचा. मग कळलं. एकदम खाली बसली. पातेलं पुढं ओढलं, वाटी भरली आणि तीच आमटी पुन्हा खाल्ली. पहिली वाटी रागानं, दुसरी हळूहळू.

तुझ्या सरांना सांग. पुस्तकात घालायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मस्कतचं मी पावसाळ्यानंतर बघेन, घाई नाही. पेपर नीट लिही. इकडं तुझ्या नावाचा लोभ आता अख्ख्या आळीत आहे, तो एकट्या माझा राहिलेला नाही.

तुझा,
पप्पू

ता. क. – संध्याकाळी आत्यानं पुन्हा आमटी केली. मीठ अगदी बेताचं, बोट चाटून चाटून घातलेलं. आबांना ती अळणी लागली.